घळीतली वाट

२ ऑक्टोबर, गुरुवार

खिंड हवी! मला खिंड हवीच!

आज टोळीप्रमुख शेख मन्सूरच्या तंबूत गेले. पडद्याच्या अलीकडून, बायकांच्या बाजूनेच बोलले, पण सगळं स्पष्ट बोलले. म्हटलं, ‘बायकांची वाट’ म्हणून आम्हा वाटाड्या बायकांना दिलंय काय, तर डांबरी रस्त्याच्या कडेचं ते कोरडं नदीपात्र! पाहुण्या बायका कैरोहून एवढ्या लांब येतात, वाळूत थोड्या चालतात, चहा पितात, उंटाशेजारी फोटो काढतात आणि जातात. डोंगर सगळा पुरुषांकडे. का? वर शेळ्या कोण घेऊन जातं? आजवर एकाही पुरुषाने शेळी राखलेली मी पाहिलेली नाही.

फराज तिथेच होता. माझा चुलतभाऊ, टोळीतला सगळ्यात जास्त पाहुणे मिळवणारा वाटाड्या. म्हणतो कसा, "अलिया, खिंड ओलांडून दिवसाउजेडी परत यायला शेळीचे पाय लागतात."

मी म्हटलं, "दर वळणावर सिगारेटला थांबायचं नसेल तर माणसाचे पुरतात."

पडद्यापलीकडे हशा पिकला. शेखसुद्धा हसला, हसू लपवायचा त्याचा खोकला मी ओळखते!

निकाल असा – खिंडीपलीकडच्या बागेपर्यंत जाऊन दिवस मावळायच्या आत घरी यायचं. आणि ती वाट अशी लिहायची की आपली कुठलीही मुलगी वाचून पाहुण्यांना नेऊ शकेल. १८ तारखेला सगळ्यांसमोर वाचायची. जमलं तर खिंड बायकांची. नाही जमलं तर नादियाबाई कैरोत जे वाटांचं पुस्तक छापणार आहेत, त्यात खिंड पुरुषांच्या पानांवर जाणार. मग कायमचीच जाईल. छापलेलं कोण बदलतं?

४ ऑक्टोबर, शनिवार

सबीहा आत्या येते म्हणाली! डोंगरात अख्खं तारुण्य शेळ्यांमागे गेलंय तिचं. नवरा गेल्यापासून आमच्याकडेच असते. मी तलाक घेऊन परत आले तेव्हा घरात सगळे कुजबुजत होते. एकटी आत्या मोठ्याने म्हणाली होती, "बरं झालं, मला मदतीला कुणीतरी आलं." तेव्हापासून आमचं जमतं.

पण तिच्याकडून वाट लिहून घेणं म्हणजे डोक्याला ताप! दिवसभर बसलो होतो.

"आत्या, ओढ्यातून वर कुठे वळायचं?"

"जिथे माझी काळी शेळी पडली होती तिथे."

"पाहुण्यांना तुझी काळी शेळी माहीत नाही गं!"

"मग त्यांना सांग की."

"बरं, तिथून खिंड किती लांब?"

"थोडं चाललं की आलीच."

तिचं ‘थोडं’ म्हणजे अख्खा डोंगर असू शकतो. ‘सोपी की अवघड’ हे ठरवायची मात्र तिची पद्धत मला फार आवडली. गाढव जातं ती सोपी. शेळी जाते ती मध्यम. शेळी थांबून विचार करते ती अवघड. नादियाबाईंना हे फोनवर सांगितलं तर त्या इतक्या हसल्या! पुस्तकात असंच ठेवू म्हणाल्या – गाढव, शेळी आणि थांबलेली शेळी, अशी तीन चित्रं. माझी कल्पना नाही हे मी त्यांना लगेच सांगितलं. आत्याला कळल्यावर ती दिवसभर ताठ मानेने फिरत होती.

५ ऑक्टोबर, रविवार

सरावाला अर्ध्या डोंगरापर्यंत गेलो. माझ्या पोटऱ्यांत गोळे आलेत. आत्या बाहेर चुलीवर रोट्या भाजतेय आणि गातेय!

७ ऑक्टोबर, मंगळवार

किती लिहू आणि काय काय लिहू!

उजाडता उजाडता निघालो. मी वहीत टिपत, आत्या पुढे. तिचे फोटो पाठमोरेच काढायचे, चेहरा नको, हे ठरलेलं. पण बाईसाहेब प्रत्येक फोटोआधी पाठीवरची शाल नीट करून घेत होत्या! वर खिंडीत वारा असा की माझी ओढणी उडून बाभळीत अडकली. आणि समोर खाली, दोन डोंगरांच्या मधे, समुद्राची निळी पट्टी. मी तिथे किंचाळलेच. आत्या म्हणाली, "ओरडू नकोस, समुद्र कुठे पळून जात नाही."

पलीकडे उतरलं की अतवाची बाग. दगडी कुंपण, विहीर, डाळिंबं लाल झालेली, ऑलिव्हची झाडं. अतवा पलीकडच्या टोळीचा. म्हातारा आहे, पण काठी नुसती मिरवायला. त्याने आम्हाला पाहिलं आणि चहा आधी चढवला, सलाम नंतर केला.

"सबीहा, साखर किती?"

"तुला माहीत नाही?"

"माहीत आहे. विचारायला काय जातं?"

"तेवढीच टाक मग. आणि चहा आहे की विहिरीचं गढूळ पाणी? अजून उकळू दे."

"तीस वर्षं लोक माझा चहा पितात, कुणी मेलं नाही."

"मेलेले कुठे सांगायला येतात!"

असं चाललेलं. मग बागेतली झाडं पाहिली, मग त्याच्या नातवंडांची नावं झाली, मग त्याने डाळिंबं बांधून दिली. माझा जीव वर-खाली! सूर्य सरकतोय आणि आत्या डाळिंब सोलतेय. शेवटी हाताला धरून उठवलं तिला.

खिंडीत परत पोचलो तोवर ऊन पिवळं पडलेलं. खाली उतरायची ती लांबच लांब वळणाची वाट बघून मला रडूच आलं. गेली खिंड! फराजचं तोंड डोळ्यांसमोर आलं. मी एका दगडावर बसूनच राहिले.

आत्याने माझ्याकडे बघितलं. डावीकडे बघितलं, परत माझ्याकडे बघितलं. मग म्हणाली, "ऊठ. आणि काही विचारू नकोस."

वाट सोडून ती डावीकडे घुसली. तिथे दोन घळी आहेत, शेजारीशेजारी, अगदी सारख्या. ती न थांबता एकीत शिरली, मला ओढतच. आत इतकी अरुंद की खांदे घासतात. मग अंजिराचं झाड, मग पावसाच्या पाण्याचं एक टाकं, मग बसून घसरायची एक लाल उतरण – आणि एकदम खाली आमचे तंबू! धूर! आमचा कुत्रा! आणि सूर्य अजून डोंगरावर, चांगला हातभर वर!

मी आत्याच्या डोक्याचे मुके घेतले. तिथेच नाचले. फराज गाडी धूत होता, त्याच्या हातातला फडका खाली पडला. "उडत आलात काय?" म्हणाला.

जिंकलो!

८ ऑक्टोबर, बुधवार

जिंकलो कसले.

सकाळी वही काढली आणि आत्याने माझा हात धरला. "ती वाट पुस्तकात नाही."

"का?"

"नाही म्हणजे नाही. लांबची लिही."

"लांबची लिहिली तर बागेत न रेंगाळताही परत यायला अंधार होतो!"

"मग अंधार लिही."

आणि उठून शेळ्यांकडे गेली. दिवसभर माझ्याशी बोलली नाही. मीपण नाही.

९ ऑक्टोबर, गुरुवार

अजून बोलत नाही. रोटी मात्र माझ्या पुढ्यात आधी टाकते.

१२ ऑक्टोबर, रविवार

आज शेळ्या मी घेऊन गेले. खोटं कशाला लिहू, शेळ्या निमित्त होत्या. त्या दोन घळी नीट बघायच्या होत्या.

आधी चुकीच्या घळीत शिरले. पुढे नुसता कडा, परत फिरावं लागलं. शेळ्यांनी माझ्याकडे असं बघितलं! मग बाहेर येऊन शोधत बसले की या दोघींना ओळखायचं कसं. पाहुणी चुकीच्या घळीत शिरली तर पाय मोडायचा. काहीतरी खूण हवी. आणि खूण सापडली. बरोबर घळीच्या तोंडाशी, सपाट लाल दगडावर, कोरलेलं एक पाऊल.

मी खाली बसून त्या रेघेवरून बोट फिरवलं.

लहानपणी आईने मला अशी पावलं दाखवली होती, दुसऱ्या एका डोंगरात. मुलगा तोंडाने विचारत नाही. मुलगी जिथून शेळ्या नेते, तिथल्या दगडावर आपलं पाऊल ठेवून त्याभोवती रेघ कोरतो. मुलीला मान्य असेल तर ती शेजारी आपलं कोरते. आईने दाखवलेली सगळी जोडीने होती. हे एकटं. झिजलंय, कडा काळ्या पडल्यात, खूप जुनं आहे. शेजारचा दगड कोरा. आणि टाचेखाली, मालक कळावा म्हणून उंटावर डागतात तशी निशाणी – दोन रेघा, एक टिंब. हीच निशाणी मी मंगळवारी बघितली होती. अतवाच्या बागेच्या दारावर!

या घळीतून शेळ्या नेणारी आमच्यात एकच बाई होती.

घरी आल्याआल्या सगळी वाट एका दमात लिहून काढली. छान उतरली आहे. ‘दोन घळी सारख्याच दिसतात. सपाट लाल दगडावर एक पाऊल कोरलेलं आहे, ती आपली.’ याहून सोपं लिहिता येत नाही आणि पावलाशिवाय लिहिताच येत नाही. दुसरी खूणच नाही तिथे! हे वाचलं की आमच्यातल्या प्रत्येकाला कळणार, कोणी कुणाला विचारलं आणि काय उत्तर मिळालं.

१३ ऑक्टोबर, सोमवार

निखाऱ्यांत रोट पुरताना तिला विचारलं. रागवेल वाटलं होतं. नाही रागवली. राख हलवत राहिली.

"दगड हातात घेतला होता मी," म्हणाली. "कोरायला. मग खाली एक शेळी अडकून ओरडायला लागली. म्हटलं, उद्या. घरी आले तर बापाने काकाच्या मुलाला शब्द देऊन टाकलेला."

"चांगला होता माझा नवरा. त्याच्याबद्दल मला काही म्हणायचं नाही. अतवाची बायकोही चांगली होती, तिच्या हाताला चव होती. दोघं गेली." मग माझ्याकडे वळली. "तू ते लिहिलंस तर लोक पाहुण्यांना नेऊन दाखवणार. हा बघा, याला उत्तर मिळालं नाही. त्या म्हाताऱ्याचं हसं होईल. माझं झालं तर होऊ दे. त्याचं नको."

रोट बाहेर काढला, राख झटकली, मोठा तुकडा मला दिला. छान भाजला होता. मी तो हातातच धरून बसले.

१५ ऑक्टोबर, बुधवार

ठरवलं. लांबची वाट लिहिली. स्वच्छ अक्षरात. शेवटी लिहिलं, ‘परतायला अंधार पडतो.’ लिहिताना पेन दोनदा थांबलं.

मला खिंड हवी होती. अजूनही हवी आहे. शाळेत मी शिकवते त्या पोरी विचारतात, बाई, आम्ही वर कधी नेणार पाहुण्यांना? पण आत्याला न विचारता तिचं आयुष्य छापायचं आणि वर ‘मध्यम, शेळी जाते’ असं लिहायचं – नाही जमणार मला. तिला सांगितलं, घळ काढून टाकली म्हणून. तिने नुसती मान हलवली.

फराज संध्याकाळी आला. "काय, किती वेळात आलात त्या दिवशी? शेखला सांगू का?"

"सांगू नकोस."

"का? जिंकत होतीस की!" आणि खरंच गोंधळला बिचारा. चिडवायचंही विसरला. चहा पिऊन गेला.

१६ ऑक्टोबर, गुरुवार

आत्या पहाटेच बाहेर पडली, औषधी पाला आणायला म्हणून. आली ती ऊन उतरल्यावर. ओढणीच्या टोकात जेमतेम मूठभर पाला!

मी म्हटलं, "एवढ्याशा पाल्याला अख्खा दिवस?"

"यंदा पाला कमी आहे." आणि पाय पसरून बसली. नखं सगळी लाल मातीने भरलेली. तेल लावून दिलं. गुडघे दाबून दिले. डोळे मिटून हसत होती, का कुणास ठाऊक. उद्याचा दिवस मधे आहे. परवा माझी हार सगळ्यांसमोर वाचायची आहे, आणि हिला हसू येतंय!

१७ ऑक्टोबर, शुक्रवार

सकाळी चहा झाल्यावर आत्या समोर येऊन बसली. "उद्या काय वाचणार ते वाचून दाखव."

मी लांबची वाट सुरू केली. तिने हात वर केला. "ही नको. ती दुसरी."

ते पान फाडायचं धाडस मला झालं नव्हतं. वाचलं. ‘…सपाट लाल दगडावर एक पाऊल कोरलेलं आहे, ती आपली.’

"चुकलंय," आत्या म्हणाली. "दोन लिही."

"एकच आहे आत्या. मी स्वतः पाहिलंय."

"तू रविवारी पाहिलंस. मी काल जाऊन आले."

मी तिच्या नखांकडे पाहिलं, लाल माती अजून होती. विचारलं, "त्याला कोण सांगणार?"

"सांगायला कशाला हवं? दर शुक्रवारी त्या घळीतल्या टाक्यातलं पाणी बघायला वर येतो तो. आंधळा थोडाच आहे!"

आज शुक्रवार.