टेम्पो दारातच लागेल

एहसानभाई,

सलाम. शनिवारी दुपारी गिऱ्हाईक माझी चौकशी करतं, तेव्हा तुम्ही सांगता की शौकत चाकणला स्पेअर पार्ट आणायला गेलाय. मी कासारवाडीत मानसोपचाराच्या डॉक्टर मॅडमकडे गेलेला असतो. खासगी दवाखाना आहे, दारावर ठळक पाटी आहे. तोंड लपवण्यासारखं त्यात काही नाही.

चाकाचा नट कसला की त्यावर पिवळी खूण करायची आणि मग त्याला परत हात लावायचा नाही, हे तुम्हीच मला शिकवलंत. गेलं वर्षभर माझा माझ्याच खुणेवर विश्वास बसत नव्हता. एकेक नट वीस-वीस वेळा कसायचो, घरी पोचून परत गॅरेजला यायचो. तुम्ही कौतुकाने सांगायचात, "आमचा शौकत कामाला लई पक्का!" त्याच पक्केपणात एका रिक्षाचा बोल्ट पिळून तोडला, तेव्हा कुठे दवाखान्याची पायरी चढलो.

गोळ्या चालू आहेत. काल खूण केली आणि सरळ हात धुतले.

तरी तुमचं एकच, टेम्पो स्टेशनपाशी लाव आणि पुढे चालत जा, टेम्पोवर आपलं नाव आहे. आहेच ना! 'एहसान अँड ब्रदर, खात्रीचं काम.' त्यातला ब्रदर मीच. येत्या शनिवारी टेम्पो दवाखान्याच्या दारातच लावणार, नाव रस्त्याच्या बाजूला करून. मग हे पत्र तुम्हाला द्यायची गरजच नाही, म्हणून देत नाही. लोकच येऊन विचारतील. त्यांना चाकण सांगून बघा.

तुमचा धाकटा,
शौकत