वाचनालयाच्या खोलीतला संगणक

२२ जून १९९८, सोमवार
बारामतीचं संगणक-प्रशिक्षण संपवून आज शाळेत हजर. वाचनालयाची खोली ओळखू येईना. पुस्तकं पोत्यांत भरून जिन्याखाली, खोलीत दोन संगणक, दाराला नवं कुलूप. हेडसर म्हणाले, "साळवे बाई, किल्ली तुमच्याकडं. जबाबदारीपण तुमचीच."
किल्ली घेताना आनंद झाला, खोटं कशाला लिहू. पण वरकुट्याहून येणाऱ्या मुलींचं काय? शाळा पाचला सुटते, वरकुट्याची एसटी पावणेसातला. तोवर त्या इथंच वाचत बसायच्या.

२५ जून
मुली फाट्यावर उभ्या. नववीतल्या सुनीताचे वडील सायकल हाणत आले. "बाई, पोरगी फाट्यावर टवाळांच्यात हुबी राह्यलेली मला चालायची न्हाय. बसाय जागा असंल तर शाळा, न्हायतर दाखला काढतो."
गणितात पहिली येणारी पोर! "तात्या, थांबा, मी बघते," म्हणाले. बघते म्हणजे काय, देव जाणे.

२९ जून
हेडसरांशी तासभर वाद. मुलींना संध्याकाळी संगणकाच्याच खोलीत बसू द्या, मी थांबते. "करा काय करायचं ते. पण काही बिघडलं तर मुली बंद. त्याच दिवशी."

४ ऑगस्ट
सहा मुली. पुस्तकांचं एक पोतं गुपचूप आत आणलं. चौघी वाचतात, दोघी पाळीपाळीनं संगणकावर.
सुनीतानं आज स्वतः आज्ञा लिहून एकोणतीसचा पाढा पडद्यावर आणला. कुणी शिकवलं नव्हतं. ऊर भरून आला. मग सहज विचारलं, एकोणतीस सत्ते? अडखळली. परवापर्यंत तोंडपाठ होता! "आता पाठ कशाला करायचा, बाई?" म्हणते. अशी चिडले... पुस्तकालाही महिनाभर हात लावलेला नाही तिनं. पण बारामतीत मला तरी संगणकापुढून कुठं उठावंसं वाटत होतं?
उद्यापासून आधी वाचन, मग संगणक.

३० सप्टेंबर, खंडेनवमी
पाटीपूजनाबरोबर संगणकांचीही पूजा. हेडसरांनी स्वतः हळदकुंकू लावलं, झेंडू वाहिला, मूठभर अक्षता टाकल्या. मी दाराशी नुसती उभी. आमच्याकडं आजोबांनी दीक्षा घेतली तेव्हापासून हे बंद, सगळ्यांना ठाऊक आहे.
"सर, फटीत जातील, जरा जपून."
"अहो बाई, मशिनलाही आशीर्वाद लागतो की!" सगळे हसले. मीही हसले. का हसले?

५ ऑक्टोबर
एक संगणक फ्लॉपी घेईना. घरघरतो नि थांबतो. हेडसर लालबुंद. "मुलींनीच काहीतरी खुपसलं. आजपासून संध्याकाळी खोली बंद."
सुनीता एवढंच म्हणाली, "बाई, तात्यांना आज सांगू नका."

८ ऑक्टोबर, गुरुवार
बारामतीहून दुरुस्तीवाला आला. फ्लॉपीचा भाग उघडला, चिमट्यानं तीन दाणे काढले. कुंकवानं लाल झालेल्या अक्षता. "मॅडम, पूजा केली होती ना? या आठवड्यातली ही दुसरी शाळा." साफ केलं, संगणक चालू.
अक्षतांची पुडी बांधून हेडसरांच्या टेबलावर ठेवली. त्यांनी उठून दार लावलं. आवाज एकदम गोड. "हे कुठं बोलू नका, बाई. लोक म्हणतील, साळवे बाईंना पूजेचंच वावडं. त्रास तुम्हाला होईल."
"आणि मुली?"
"शनिवारी शाळा समितीपुढं बघू. तुम्ही म्हणा, धूळ गेली होती."
धूळ! म्हणजे पुन्हा मुलींच्याच पायांची. टेबलावरची पुडी उचलून आणली.

९ ऑक्टोबर, शुक्रवार
मधल्या सुट्टीत तात्या आले. दाखल्याचा अर्ज लिहूनच आणला होता. सुनीता मागं, मान खाली.
"बाई, तुमी बघते म्हणला हुता. बघितलं का?"
"उद्या दुपारपर्यंत थांबा, तात्या."
"पोरीनं मोडलं म्हणत्यात, ते खरं हाय?"
"नाही."
"मग कुणी मोडलं?"
सुनीतानं मान वर केली. मी म्हणाले, "उद्या सांगते." तात्यांनी अर्ज खिशात ठेवला. फाडला नाही.
शाळा सुटताना हेडसरांनी किल्ली मागितली. घरी राहिली, मी म्हणाले. पर्समध्येच होती.
उद्या अकराला समिती. पुडी या वहीतच आहे. काय सांगायचं ते माहीत आहे, पण पहिलं वाक्य तीनदा लिहून खोडलं.