चिंगीला एकादशी नाही

अहो,

आज एकादशी मला आहे, चिंगीला नाही. तिच्या वाटीतलं उकडलेलं अंडं काढून तुम्ही साबुदाण्याची खिचडी ठेवलीत. माझा उपास सांभाळायला पाखराला कशाला उपाशी मारता? चार पिल्लं दिवसभर चोची उघडून बसतात आणि ही पोटातलं सगळं त्यांना भरवते. काल हातात घेतली तर छातीचं हाड बोटाला टोचलं. डॉक्टर तुमच्यासमोरच म्हणाले होते, "बच्चों के उड़ने तक अंडा रोज, छिलके के साथ." तेव्हा मान डोलावलीत ना?

दुसरं अंडं मीच उकडलंय, चहाच्या पातेल्यात. देव काही रागावलेला दिसला नाही. अर्धं दिलंय, उरलेलं चार वाजता टरफलासकट कुस्करून द्या, वाटीतलं आधीचं काढून टाकून.

मी करोल बागेत कीर्तनाला चाललेय. दोनची बस चुकली तर या गुडगावातून दुसरी थेट बस मिळत नाही, म्हणून तुमची झोपमोड केली नाही. मागच्या खेपेला बुवांनी नाथांनी गाढवाला गंगा पाजल्याचं आख्यान लावलं, तेव्हा माझ्या शेजारी बसून डोळे कोण पुसत होतं?

उन्मेष अंगावर पीत होता तेव्हा तुमच्या आईंनी मला एकही एकादशी सोडू दिली नाही. तुम्ही पेपर वाचत होतात. तेव्हा मी गप्प बसले. चिंगीच्या बाबतीत बसणार नाही.

खिचडी ओट्यावर झाकून ठेवलीय. ती तुम्ही खा.

वृंदा