सासूबाईंच्या गाण्यामागची शिट्टी

गोंदिया,
बुधवार

प्रिय देवानंद,

पाकिटावर माझं नाव वाचून तू हे चुलीत घातलं नसशील, असं धरून लिहितो. चौकशीच्या खोलीतून तू माझ्याकडे न बघता बाहेर पडलास, त्याला तेहतीस वर्षं झाली. तू सांगितलंस, "सिग्नल पडला होता, म्हणजे रस्ता मोकळा होता, म्हणून मी गाडी आत घेतली." मी सांगितलं, "सिग्नल दिलाच नव्हता." मी स्टेशन मास्तर, म्हणून माझं खरं धरलं गेलं आणि तुझ्या हातून इंजिन गेलं. रिकाम्या वॅगनवर आदळूनही कुणी मेलं नाही, हे आपलं दोघांचं नशीब. हे तुला नव्याने सांगायची गरज नाही, पण पत्राला कुठून तरी सुरुवात हवी.

आधी इकडची बातमी. रिटायर झालेला माणूस एक तर देवळात बसतो, नाही तर बायकोच्या पायात येतो. मी पायात येत होतो. शेवटी मागच्या खोलीतली धानाची पोती हलवली, उंदरांची बिळं सिमेंटने बुजवली आणि कमरेएवढ्या उंचीचं प्लायवूडचं टेबल मांडलं. त्यावर खेळण्यातले रूळ, दोन इंजिनं आणि सात डबे. आपली नॅरोगेजची छोटी लाइनच उभी केली म्हण. सौंदडच्या पलीकडचं आपलं स्टेशन, आमचं क्वार्टर, सिग्नल ओढायचा लीव्हर, बाहेरचा सिग्नल. प्रेमिला दारात उभी राहून म्हणाली, "या वयात गाड्या खेळून राहिले तुमी! लोक काय म्हनतीन?" लोक काय म्हणायचे? चार जण बघून गेले आणि पाचवा नातवाला घेऊन आला.

गाड्या धावू लागल्या, पण मुक्या. आवाजाशिवाय गाडी म्हणजे मिठाशिवाय वरण. मग नागपूरहून जुना अॅम्प्लिफायर, लाकडी पेटीचे दोन स्पीकर आणि एक कॅसेट डेक आणला. आवाज घुमू नये म्हणून भिंतींना रिकामी बारदानं ठोकली. खोली आता तांदळाच्या गिरणीसारखी दिसते, पण आवाज असा स्वच्छ येतो की गाणाऱ्याने घेतलेला श्वाससुद्धा कळतो.

खोली देताना प्रेमिलाने एक अट घातली होती. पहिली कॅसेट तिच्या आईची लावायची. सासूबाई क्वार्टरच्या ओसरीत बसून आपली पोवारी बोलीतली लग्नाची गाणी म्हणायच्या आणि प्रेमिला ती टेप करायची, हे तू पाहिलं आहेस. त्यातली शेवटची कॅसेट पेटीतच पडून होती. ती भरली त्याच दिवशी तो अपघात झाला, आणि नंतर त्या घरात गाण्याचं नाव कुणी काढलं नाही.

काल दुपारी ती लावली. प्रेमिला डोळ्यांना पदर लावून बसली होती आणि मी बटणं फिरवत होतो. हळदीच्या गाण्यामागे इंजिनाची शिट्टी ऐकू आली. एक लांब, दोन आखूड. तशी शिट्टी त्या लाइनवर तू एकटाच मारायचास. त्यामागून माझा आवाज आला, तरुण आणि बेफिकीर: "देवा आला वाटते. चाय मांड." मग लीव्हरचा खडाक आणि सिग्नलची तार ओढल्याची करकर. सासूबाई गातच होत्या. ते गाणं संपलं, दुसरं सुरू झालं आणि धडाका झाला. त्यांनी घाबरून विचारलं, "काय पडलं वो?" तिथे कॅसेट बंद केली आहे.

नियम तुलाही पाठ होता. आधी रूळ रिकामा आहे का ते बघायचं, मगच सिग्नल द्यायचा. पण तुझी शिट्टी वाजली की माझा हात आपोआप लीव्हरवर जायचा. दोस्ताला बाहेर ताटकळत ठेवायचं नाही, हा आपला लाड. सकाळी त्याच रुळावर मीच वॅगन उभी करून घेतली होती, ती पार विसरलो. धडाका ऐकल्यावर धावत गेलो तो आधी लीव्हरकडे. तो परत लावून सिग्नल बंद केला, मग तुझ्याकडे आलो. पुढे इतक्यांदा उलटं सांगितलं की मलाच ते खरं वाटायला लागलं. काल मात्र माझीच मला लाज वाटली. प्रेमिलाने एवढंच विचारलं, "तुमीच ओढला होता ना? मंग इतके साल काऊन नाही सांगितलं?"

येत्या रविवारी आपले चौदा रिटायर्ड लोक खोली बघायला येताहेत. 'सिग्नल तोडणारा देवानंद' म्हणून ते अजून तुझी आठवण काढतात. त्यांना गाड्या दाखवीन आणि मग ही कॅसेट लावीन. तू आलास तर पुढची खुर्ची तुझी. नाही आलास तरी ती वाजणारच. तिची नक्कल पेन ड्राइव्हमध्ये सोबत पाठवली आहे. फोन केला असता तर तू 'जाऊ दे' म्हणाला असतास आणि मी आनंदाने जाऊ दिलं असतं. म्हणून लिहून देतो आहे. चौकशीत दिलेला माझा जबाब खोटा होता. हा खरा आहे, आणि खाली माझी सही आहे.

तुझाच,
हेमेंद्र