गावात तार म्हणजे मयत

बुधवार, लालबाग

पण आयेचं ऐकलंच कशाला मी? तिनं गावाहून कळवलं, बायकोचं थान सुजलंय, अंगात ताप आहे, तापाचं दूध पोरीला बाधेल. मीही शहाणा. 'पाजू नको' असं लिहून टाकलं.

परवा रात्री दवाखान्यातल्या नर्सबाईंनी झापलं, "अरे, पाजलं नाही तर गाठ पिकेल. आणि पोर काय पिईल, तुझं पत्र?"

ते पत्र पोचलं असेल. सव्वा महिन्याची पोर. तेव्हापासून उपाशी असेल?

काल संयुक्त महाराष्ट्राचा हरताळ, तारऑफिस बंद. आज तार करावी, तर गावात तार म्हणजे मयत. न वाचताच रडतील. म्हणून तारेनं मनिऑर्डर करतोय. मेलेला माणूस पैसे पाठवत नाही, एवढं आयेला कळेल. मजकूर, 'पाजत राहा.' रुपये दहा.