माझ्या हाताचे तेवीस किलो

५ जानेवारी, सोमवार

तेवीस किलो! अख्खं माणूस परमुलखात चाललंय आणि त्याचं सामान तेवीस किलो!

प्रांजलचं तिकीट आलं. माझी नात, हरेशची एकुलती. सोळा तारखेला इंग्लंडला, लीड्सला निघणार शिकायला. हरेशने मोबाईलमध्ये बघून नियम वाचून दाखवला. विमानाच्या पोटात जाणारी बॅग एक, तेवीस किलो. हातातली एक, आठ किलो. पोटातली तेवीसच्या वर गेली की काउंटरवर नऊ हजार भरा. मी विचारलं, किलोला? तर नाही, बॅगेला. एक किलो जास्त झाला तरी नऊ हजार, आठ किलो झाले तरी नऊ हजार. म्हटलं, मग आठ किलो जास्तच न्यावेत, पैसे तरी वसूल! हेतल, माझी सून, कपाळाला हात लावून म्हणाली, "आई, तुमच्यापुढे विमानवाले पण हरतील."

आणि माणसाचं वजन? ते करत नाहीत म्हणे. शंभर किलोचा ढेरपोट्या असो नाहीतर माझ्यासारखी काडी — दोघांना तेवीसच. हा कुठला न्याय?

हे लिहितेय ती शरीफा. खाली मुनाफचं किराणा दुकान आहे, त्याची बायको. दुपारी दुकान बंद असतं तेव्हा वही घेऊन वर येते. मला अक्षर येत नाही. मी बोलते, ती लिहिते. मी "नाय" म्हटलं की ही "नाही" लिहिते. म्हणते, "भामामावशी, कागदावर नीट दिसलं पाहिजे." बरं बाई. तोंड माझं, इस्त्री तुझी. हेही लिही. हसू नको, लिही.

८ जानेवारी, गुरुवार

पाच किलो माझे!

काल सगळ्यांनी बसून बॅगेची वाटणी केली. कपडे इतके, पुस्तकं इतकी, कुकर, रजई, दोन जोडी बूट. शेवटी हरेश म्हणाला, "आणि आईचे पाच किलो." सातबाऱ्यावर नाव चढल्यासारखं वाटलं! आमच्या जमिनी गेल्या तेव्हा सातबाऱ्यावर माझं नाव नव्हतं. बॅगेत तरी लागलं.

काय द्यायचं ते मनात पक्कं आहे. सोडे, सुकट, मसाला, तांदळाचं पीठ. सोडे, म्हणजे सोलून सुकवलेली कोळंबी, मी स्वतः निवडणार. एकेकाच्या पाठीतला काळा दोरा काढणार. विकत मिळतात त्यात तो तसाच असतो, मग रस्सा कडवट लागतो.

चाळीस वर्षं हाच धंदा केला. मी करंज्याला जाऊन कोळणींकडून सुकी मासळी घ्यायची, आमचे हे, कमळाकर, आता देवाघरी आहेत, ते पनवेलच्या बाजारात विकायचे. खरेदी माझी, विक्री त्यांची. खरेदीची तागडी आणि वजनं त्यांनी मला वेगळ्या पिशवीत दिली होती. ती इतकी उचलली की पुढे तागडी लागेनाशी झाली. वस्तू हातावर घेतली की आकडा कळतो. माझा हात काटा आहे. अख्ख्या आळीला माहीत आहे.

करंज्याची सोनाबाई मला चिडवायची, "भामे, तुज्या पारड्याला लय भूक हाय गो! कितीबी घाल, खालीच येत नाय." मी म्हणायची, तुझा हात आखडता, त्याला माझं पारडं काय करणार? मग दोघी हसायचो. मायाळू बाई होती.

काटा माझ्या हातात असल्यामुळे मला हेही कळतं की सगळं जग वजनात मारतं. भाजीवाला मारतो, मटणवाला मारतो. शरीफा, तुझा मुनाफपण मारतो. एक किलो साखर म्हणून देतो ती हातावर कमीच लागते. लिही, लिही. नवरा झाला म्हणून गाळू नको.

१२ जानेवारी, सोमवार

आज बॅग भरली. मी पलंगावर, प्रांजल खाली कागद घेऊन. ती एकेक वस्तू माझ्या हातावर ठेवी, मी आकडा सांगे, ती लिहून घेई. बूट — अर्धा अर्धा किलो. रजई — दोन. कुकर — दोनला थोडा कमी. शेवटी माझं गाठोडं, बरोब्बर पाच. बेरीज झाली तेवीस. एक सुपारी जास्त नाही!

मग हरेश तो हुकाचा काटा घेऊन आला. बॅग अडकवून उचलायचा असतो तो. म्हणे सत्तावीस दाखवतोय. मी म्हटलं, किती रुपयांचा? म्हणाला, "दोनशेचा." दोनशेच्या काट्याला चाळीस वर्षांच्या हातापुढे उभा करतोस? तर म्हणाला, "चल, मुनाफच्या काट्यावर बघू." दुकानदाराच्या काट्यावर! माझा अपमान करायचा तर सरळ तोंडावर कर म्हटलं.

तेव्हा प्रांजल उठली आणि माझ्या गळ्यात पडली. म्हणाली, "बाबा, आजी म्हणते तेवीस, म्हणजे तेवीस. विषय संपला."

ही पोर जन्मली तेव्हा मीच पहिल्यांदा हातावर घेतली होती. म्हटलं, अडीच किलो. नर्स म्हणाली तीन. तेव्हापासून सांगतेय, दवाखान्यांचे काटेही खोटे!

१४ जानेवारी, बुधवार

संक्रांत. माझ्या जुन्या हिरव्या लुगड्याच्या फडक्यात गाठोडं बांधलं, सात गाठी मारल्या. गोड बोला म्हणतात — विमानवाले सोडून सगळ्यांशी बोलले.

१६ जानेवारी, शुक्रवार

गेली.

मी विमानतळावर गेले नाही. आत फक्त जाणाऱ्यालाच सोडतात, आपण बाहेर काचेला नाक लावून उभं राहायचं. माझे गुडघे त्यासाठी नाहीत. आमच्या शेजारी एवढं नवं विमानतळ झालंय, पण तिचं विमान मुंबईहूनच. हरेश आणि हेतल सोडून परत आले तेव्हा विचारलं, बॅग किती भरली?

हरेश गाडीच्या चावीकडे बघत म्हणाला, "तेवीस, आई. बरोबर तेवीस."

सांगितलं नव्हतं?

१८ जानेवारी, रविवार

मोबाईलवर प्रांजल दिसली. नाक लाल झालंय थंडीने. म्हणाली, "आजी, काल तुझ्या सोड्यांचा रस्सा केला. शेजारच्या खोलीतल्या दोघी वास काढत आल्या!" मी विचारलं, खोबरं भाजून घातलंस ना? म्हणाली, हो. मी दोन दिवस तरंगत होते... नाही शरीफा, दोन दिवस अजून व्हायचेत. तरंगणार आहे असं लिही.

१ फेब्रुवारी, रविवार

सोडे अर्धे संपले म्हणे. पुढच्या वेळी दहा किलो माझे!

११ फेब्रुवारी, बुधवार

आज कोन गावी गेले होते. हेतलच्या आईकडे, म्हणजे माझ्या विहिणीकडे. तिचा पाय मुरगळलाय. बसा म्हणाली, जेवून जा. पान वाढलं. सोड्यांचा रस्सा.

पहिला घास घेतला आणि थांबले. मसाला माझा. त्यातली त्रिफळं माझी, मी मोजून घालते. सोडा उलटा केला, पाठ बघितली — दोरा काढलेला. एकेकाचा. बाजारात असे सोडे कोण देतं?

मग भाकरीच्या टोपलीकडे बघितलं. वर झाकायला हिरवं फडकं. माझं लुगडं. कोपऱ्यांना गाठींच्या सुरकुत्या अजून तशाच.

विहीण म्हणते, "हेतलने आणून दिले हो महिन्यापूर्वी. चांगले आहेत ना?"

म्हटलं, फार चांगले आहेत. निवडणारीचा हात गोड असणार.

माझेच सोडे मलाच वाढले! आणि मी खाल्ले. सगळे खाल्ले, टाकायचे कशाला? शरीफा, तुझी इस्त्री आज बाजूला ठेव, जसं म्हणते तसं लिही: मना फसवलं. घरच्यांनी फसवलं.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

हेतलला विचारलं. ती भांडी घासत होती, नळ चालूच ठेवला. म्हणाली, "आई, तिथे काहीतरी काढावं लागलं. प्रांजलनेच काढलं. आत आम्ही नव्हतो. ती गेटवर येऊन गाठोडं ह्यांच्या हातात देऊन गेली. तुम्हाला दिसू नये म्हणून मी कोनला पोचवलं."

कुकर गेला. रजई गेली. दोन जोडी बूट विमानात बसून लीड्सला गेले. खाली उतरलं ते आजीचं गाठोडं.

आणि वर रस्सा केला म्हणून सांगितलं! खोबरं भाजून घातलं म्हणून सांगितलं! शेजारच्या दोघींना वासपण दिला!

वजनात मारणारे बाजारात असतात असं मी समजत होते.

१५ फेब्रुवारी, रविवार

महाशिवरात्र. उपास. तोंडाचाही. मोबाईलमध्ये प्रांजल "आजी, आजी" करत होती, मी भिंतीकडे तोंड करून पडले. हेतल म्हणाली, आजीला बरं नाही. हेही खोटंच. आमच्या घरात आता खोटं सोडून काही शिजत नाही.

२२ फेब्रुवारी, रविवार

आजही बोलले नाही. "आजी, रागावलीस का?" असं तीनदा विचारलं तिने. तिसऱ्यांदा आवाज फुटला होता. माझा हात मोबाईलकडे निघालाच होता. त्याच्यावर बसले.

शरीफा म्हणते, "मावशी, पोरगी लांब आहे, एकटी आहे." म्हटलं, तिने एकटीनेच ठरवलं ना काय काढायचं ते?

२४ फेब्रुवारी, मंगळवार

हरेश काल कामावरून आला तो चपलाही न काढता माझ्यासमोर उभा राहिला. म्हणाला, "आई, किती दिवस छळणार आहेस तिला? तिकडे जेवत नाही ती."

मी म्हटलं, का? सोडे संपले?

तेव्हा फुटला. म्हणाला, "बॅग सत्तावीस किलो सहाशे भरली होती! तू म्हणालीस तेवीस. काउंटरवरच्या बाईने सांगितलं, नऊ हजार भरा नाहीतर काढा. मी फोनवर ओरडत होतो, भर, मी पाठवतो. ती म्हणाली, नको बाबा, पैसे भरले तर पावती येईल, आजी विचारेल, मग तिला कळेल की तिचा हात चुकला. आठवडाभर रडत बसेल. मी एकच गाठोडं काढते आणि तेवीस भरली म्हणून सांगते. तुम्हीपण तेच सांगा. आम्ही सांगितलं. तुझ्या हातासाठी सांगितलं!"

मी काय बोलले? मी म्हटलं, काटा खोटा आहे तिथला. नऊ हजार उकळायला मुद्दाम तसा ठेवलाय. माझा हात चुकत नाही!

हरेश खाली बसला. हळू आवाजात म्हणाला, "बरं, आई. काटा खोटा."

हे "बरं, आई" मला जास्त लागलं. माझी समजूत घालतोय! मी काय दात पडलेली पोर आहे? दात पडलेत, पण पोर नाही.

ट्रंक उघडली. तळाशी खरेदीची पिशवी अजून आहे. तागडीची साखळी गंजलीय, पण किलोचं लोखंडी वजन लख्ख. ह्याच्यावरच माझा हात शिकला. उद्या मुनाफच्या काट्यावर ठेवते, सगळ्यांसमोर. किलो म्हणजे काय ते बघू दे सगळ्यांना. मुनाफचा काटा खोटा निघाला तर शरीफा, वाईट वाटून घेऊ नको.

२५ फेब्रुवारी, बुधवार

एक किलो दोनशे.

मुनाफने काटा पुसून परत ठेवलं. एक किलो दोनशे. मग कंपनीची बंद मिठाची पिशवी ठेवली — बरोबर एक. वजन उलटं केलं. तळाला शिसं ओतलेलं आहे, रुपयाएवढं. चाळीस वर्षं मी त्याला सरकारचा शिक्का समजत होते. विक्रीची वजनं आमच्या ह्यांनी मला कधी हातात घेऊ दिली नाहीत.

शरीफाने मला स्टूल दिलं आणि कागदावर कसलातरी हिशोब करून दाखवला. माझे तेवीस म्हणजे सत्तावीस सहाशे.

प्रांजलला फोन संध्याकाळी. आधी करंज्याला जाते. माझ्या पारड्याच्या भुकेवरून चिडवणारी सोनाबाई आहे की गेली, माहीत नाही. नसली तर तिच्या मुली असतील.

वजन पिशवीत घातलंय. आज पहिल्यांदा हाताला जड लागलं.