जागता इन्व्हिजिलेटर

५ मार्च १९४४, नगर
मॅट्रिकच्या परीक्षेला बोलावणं आलं! रिटायर झालो तरी माझ्यावाचून यांचं अडतंच. सेंटरप्रमुख राधाकृष्णपंत म्हणाले, सुपरवायझर कमी पडलेत. सुपरवायझर काय, रस्त्यावर खडी टाकून घेणाराही असतो. मी इन्व्हिजिलेटर.

७ मार्च
मिशनच्या जुन्या डिक्शनरीत इन्व्हिजिलेटर शब्द सापडला. मूळ लॅटिन. व्हिजिल म्हणजे जागा राहणारा. रोमन सैन्यात रात्रीचे चार पहारे, एकेकाला व्हिजिलिया म्हणत. केवढा भारदस्त शब्द! सौ. दयाला सांगायला उठलो. स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेलो, मग आठवलं. तिला जाऊन तीन वर्षं होतील. असो. परीक्षेच्या दिवशी चहाला सगळ्यांना सांगेन. थक्क होतील.

९ मार्च
दूधवाली साळूबाई म्हणाली, मास्तर, येकटंच कुनासंगं बोलताय? तालीम चालली आहे म्हटलं, मोठी ड्यूटी आहे. लई येकटं ऱ्हाऊ नका, म्हणाली. मी एकटा नाही, व्यासंगात आहे. तिला काय कळणार.

१२ मार्च
उद्या पेपर. शब्दाला जागायचं तर आधी सवय हवी. म्हणून आज झोपायचंच नाही असं ठरवलं. रोमन पहारेकरी आयत्या वेळी थोडाच तयार झाला असेल!

१३ मार्च, सकाळ
टक्क जागा राहिलो. डोळे चुरचुरतात, पण चेहऱ्यावर तेज आहे.

१३ मार्च, संध्याकाळ
चहाला सगळे घोळक्यात होते. मी व्हिजिल म्हणेपर्यंत बोलणं रेशनच्या साखरेवर गेलं, ते परत आलंच नाही. मत्सर, दुसरं काय.
दुपारच्या पेपरला जरा खुर्चीत टेकलो. डोळे उघडले तर हॉल रिकामा. उत्तरपत्रिका टेबलावर नीट रचलेल्या. माझ्या तोंडावर ऊन येत होतं, ती खिडकी पोरांनी लोटून घेतलेली. गुणी पोरं. पण उठवलं कोणी नाही.
पंत हळू आवाजात म्हणाले, मास्तर, उद्यापासून घरीच विश्रांती घ्या. प्रकृतीची काळजी करतात बिचारे.

१४ मार्च
उजाडताच साळूबाईने दार बडवलं. मास्तर, उठा, डूटीला उशीर हुईल! दया गेल्यापासून मला कोणी हाक मारून उठवलं नव्हतं. फार बरं वाटलं. रोज मारत जा, म्हटलं.
तिनं विचारलं, लई दिस हाय व्हय डूटी?
हो म्हटलं.